टेबलावर उलटी केलेली बॅग

"बॅग उलटी कर," साहेब म्हणाले.

मी केली. डबा, छत्री, कंगवा. पॅडचं पाकीटही पडलं. समोर अख्खं ऑफिस उभं. कुणीतरी हसलं.

दादरला आमची सहलींची कंपनी. ठरलेली गिऱ्हाइकं फुटत होती. आतलंच कुणीतरी त्यांची यादी बाहेर नेऊन ती फोडतंय, असा साहेबांना संशय. चौकशी झाली ती फक्त माझी. कारण गिऱ्हाइकांकडे माझा स्वतःचा नंबर होता. ते खरंच होतं. म्हाताऱ्या माणसांना ऑफिसच्या फोनवरचं एक दाबा, दोन दाबा जमायचं नाही. आमच्या गावी वाट विचारणाऱ्यासोबत माणूस चार पावलं चालतो. मी नंबर देत गेले.

"तुमच्या लोकांना आत घेतलं की हेच होतं," साहेब म्हणाले.

तुमचे लोक म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. दसऱ्याला याच माणसाला सोनं देऊन मी पाया पडले होते. घरातली पहिली पदवी माझी. पहिली खुर्ची त्यांनी दिलेली.

माझाच फोन घेऊन त्यांनी फुटलेल्या गिऱ्हाइकांपैकी लालबागच्या एका काकूंना लावला. स्पीकरवर. या मुलीने तुम्हाला दुसरीकडे यायला सांगितलं का, म्हणून विचारलं.

"नाय ओ. ती कशाला सांगेल? तुमच्या भाच्याचाच फोन आलेला. मामाकडे महाग पडेल, मी स्वस्तात नेतो म्हणाला."

भाचा दारातच उभा होता. त्याला बॅग उघडायला कुणी सांगितलं नाही.

साहेबांनी फोन ठेवला. हे घरातलं आहे, आम्ही बघू, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण नंबर दिलास ही चूकच. सगळ्यांसमोर माफी माग, विषय संपला."

माफी मागायला माझं तोंड उघडलं होतं. खोटं कशाला बोलू? घर माझ्या पगारावर चालतं. पण ते पाकीट अजून टेबलावरच होतं. मी एकेक वस्तू बॅगेत भरली.

"माफी तुम्ही मागायची, साहेब."

त्यांनी मागितली नाही. मी नोकरी सोडली. भाचा तिथेच आहे, आता केबिनमध्ये बसतो. मी दादर, गिरगावातली ऑफिसं फिरते. बरेच जण आधी साहेबांना फोन लावतात, मग कळवतो म्हणतात. कळवत कुणीच नाही. आई विचारते, माफी मागितली असतीस तर काय झिजलं असतं?

तिकडची नोकरी का सोडली, हे सगळेच विचारतात. घरची अडचण सांग, असं मैत्रीण म्हणते. मी बॅगेचं सांगते. पाकिटासकट, भाच्यासकट. उद्या परळला मुलाखत आहे. तिथेही तेच सांगणार.