वीसपैकी शून्य

"तुझ्या नियमाने उत्तरं जुळत नाहीत. शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही तर रिसर्च पेपरमधून तुझा भाग काढणार. म्हणजे नावही."

फोनवर माझा वर्गमित्र देवधर होता, परदेशातल्या प्रयोगशाळेतून. मी मोखाड्याच्या एसटीडी बूथमध्ये, घामाघूम. बाहेर बाजाराला आलेली माणसं काचेवर टकटक करत होती. "अरे पण..." म्हणेपर्यंत लाइन कट!

मी मोखाड्याला राहायचो आणि जव्हारच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. आमच्या लॅबमध्ये एकच लेसर होता, तोही कायम आजारी. म्हणून कागदावरचं गणित माझं आणि प्रयोग देवधरच्या ग्रुपचा, अशी तीन वर्षांची भागीदारी. विषय ऑप्टिकल क्वांटम कंप्युटिंग, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या कणांकडून, फोटॉनकडून, गणित करून घ्यायचं. फोटॉन फार अलिप्त. एकमेकांची दखलही घेत नाहीत. म्हणून एक युक्ती असते. एक जादा फोटॉन अर्ध्या पारदर्शक आरशावर सोडायचा. पलीकडे तो टिपणारे दोन डिटेक्टर. पहिला वाजला तर मुख्य फोटॉनला तसाच जाऊ द्यायचा, दुसरा वाजला तर त्यात एक दुरुस्ती करायची. कधी करायची, हा नियम माझा.

मंगळवार, बुधवार मी तेच गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा बरोबर! मग चूक कुठे? त्यांची उपकरणं लाखमोलाची, माणसं हुशार. म्हणजे मीच चुकलो असणार. पण कुठे? डोकं फुटायची वेळ आली. पहिली-दुसरीतली बेरीजसुद्धा मला खोटी वाटायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी बायको, सुमन, शेजारी तपासलेले पेपर पुन्हा चाळत बसली होती. ती शाळेत शिक्षिका, शिवाय सूर्यमाळच्या एका पाड्यावर प्रौढ साक्षरता वर्ग घ्यायची, त्याचेच हे पेपर.

"अहो, ही भागीरथीबाई बघा. वीसपैकी शून्य. परवाच पंचायत समितीच्या यादीत नापास लिहून पाठवलं."

"मग? नसेल येत."

"नसतं येत तर आठ-दहा तरी चुकून बरोबर आले असते. चूक की बरोबर, एवढंच तर सांगायचं होतं."

मी पेपर ओढून घेतला. 'गाय दूध देते' याला फुली. 'दगड पाण्यावर तरंगतो' याला बरोबरची खूण.

"हिला सगळं येतंय," सुमन म्हणाली. "आत्ताच ग्रामपंचायतीची निवडणूक झाली ना. भिंतीभिंतीवर लिहिलंय, अमक्या चिन्हावर फुली मारा. बाईंना जे पटलं त्यावर त्यांनी फुली मारली!"

मी ताडकन उठलो. चपला उलट्यासुलट्या घालून बूथ गाठला.

"देवधर, उत्तरं किती चुकतायत?"

"जवळजवळ सगळीच."

"सगळीच? अरे गाढवा, हे आधी नाही का सांगायचं!"

"तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. उत्तर शून्य किंवा एक एवढंच असतं; यंत्र बिघडलं असतं तर निम्मी उत्तरं तरी बरोबर आली असती. सगळी चुकवायला यंत्र उत्तम चालावं लागतं.

"डिटेक्टर एक कुठला?"

"समोर उभं राहिलं की डावा."

"कुणाच्या समोर?"

"आरशाच्या. डिटेक्टरकडे पाठ करून."

कपाळ माझं! मी प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेला तोंड करून डावा म्हटलं होतं. त्याचा एक तो माझा दोन. तीन वर्षांत दोघांपैकी एकानेही चित्र काढून पाठवलं नव्हतं.

त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली. शुक्रवारी दुपारी उत्तरं जुळली. पेपर गेला, माझ्या नावासकट. इतका आनंद झाला की बूथवाल्यालाही चहा पाजला. तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगतो, काय चुकलं हे नंतर बघा, आधी किती चुकलं ते विचारा.

रविवारी सुमनबरोबर सूर्यमाळला गेलो. भागीरथीबाईंना सगळी हकिगत सांगितली. डोईवरचा हंडा खाली ठेवून त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे वायरी फिरवल्या नि तुमचं यंत्र पास?"

"हो."

"मंग मीच नापास कशी, बाई?"

सोमवारी सुमन तो पेपर घेऊन पंचायत समितीत जाऊन बसली, आणि यादी बदलल्याशिवाय उठली नाही.