तळाचे पाणी ऊन कसे झाले

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर माझ्या पत्नीने एकच उद्दिष्ट ठरवले होते: कुणाचाही हात न धरता बार्शीच्या एसटीत चढायचे. तिची थोरली बहीण बार्शीला असते आणि तिला आता प्रवास झेपत नाही. म्हणजे भेट व्हायची तर हिनेच जायला हवे. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, हे धडधाकट माणसाच्या कधी लक्षातही येत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी उपाय सांगितला, "कमरेएवढ्या ऊन पाण्यात रोज चाला. भार पाणी उचलतं, गुडघा मोकळा होतो."

म्हणून सोलापुरातल्या आमच्या अंगणात जमिनीवर उभा राहणारा हौद आला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले जाड प्लास्टिक, खाली चाळलेल्या वाळूचा थर आणि आत उतरायला बुटक्या पायऱ्यांची, दोन्हीकडे कठडा असलेली शिडी. पाणी तापवण्यासाठी मी गच्चीवर काळ्या नळीची वेटोळी अंथरली. हौदाच्या काठालगत जाळीचे एक तोंड होते. त्यातून पंप पाणी ओढून गच्चीवर चढवी आणि उन्हात तापलेले पाणी समोरच्या काठालगतच्या दुसऱ्या तोंडातून परत हौदात येई. सोलापूरचे ऊन भर थंडीतही इतके कामाचे ठरावे, याचा मला मोठा हर्ष झाला होता.

पत्नी शिडीवरून पाण्यात उतरली आणि ओरडली, "अहो, कंबर बार्शीला पोचली, पाय काश्मीरातच राहिले!"

वरचे पाणी छान ऊन आणि तळाचे गारढोण. त्या गारठ्याने गुडघा अधिकच आखडला. दुसऱ्या दिवशी ती उतरलीच नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने बहिणीला फोनवर सांगून टाकले, "माझं काही खरं नाही गं. तू वाट बघू नकोस."

ते वाक्य मला बोचले. मी तापमापक दोरीला बांधला, दोरीला दगड लावला आणि वेगवेगळ्या खोलीवर मापे घेतली. कारण स्पष्ट झाले. ऊन पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते. आमचा पंप पाणी ओढत होता वरून आणि परत सोडतही होता वरच. तेच ऊन पाणी पुनःपुन्हा गच्चीची फेरी करून येई. तळाच्या पाण्याला गच्ची कधी दिसतच नव्हती.

नळकाम करणारा आमचा माणूस पत्नीचा जुना विद्यार्थी. घरी उर्दू, बाहेर अस्सल सोलापुरी. त्याने हौदाभोवती एक चक्कर मारली आणि निदान केले.

"सर, तळाला होल मारू. मेन ड्रेन बसवू. गार पाणी खालनं ओढून घेतंय बगा."

"ड्रेन?" ओट्यावरून पत्नीचा आवाज आला. "मी ड्रेनेजच्या पाण्यात पाय घालायची नाही!"

"तसं न्हाय बाई! नाव फकत ड्रेन हाय. पाणी गटारात जात न्हाय, फिरून हितंच येतंय की."

"मग ड्रेन कशाला म्हणायचं? वर्गातही तू असाच. उत्तर बरोबर, शब्द चुकीचा."

"आता तरी पास करा की बाई!"

तिघेही हसलो, परंतु मला भोकाची धास्ती होती. त्याची कडा जरा जरी झिरपली, तरी खालची वाळू वाहून जाणार आणि हौद एका बाजूला बसणार. शिवाय ओढणाऱ्या तोंडावर पाय किंवा केस अडकण्याचा धोका वेगळाच. मी म्हणालो, "आधी प्रयोग, मग भोक." जाळीच्या तोंडाला एक जाड नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक वजन बांधून तळाशी सोडले. हौद न कापता तात्पुरता मेन ड्रेन तयार झाला. दुपारभर पंप चालवला आणि तापमापक खाली सोडला. तळ ऊन झाला होता!

"बगा सर! मारू होल?" त्याने ड्रिल उचललेही.

तेवढ्यात पत्नी काठी टेकत हौदापाशी आली. "थांब रे. अहो, बादलीत कढत पाण्यावर विसण घातल्यावर तुम्ही काय करता?"

"हाताने तळापासून ढवळतो."

"की बादलीच्या बुडाला भोक पाडता?"

मी अक्षरशः टाळी वाजवली. अंघोळीचे पाणी बेताचे करण्यासाठी आपण विसण घालतो, म्हणजे गार पाणी मिसळतो, आणि ते नुसते ओतून कधी थांबत नाही. हौदाला हवा होता तो ढवळणारा हात, आणि तो आधीच बसवलेला होता! परतीच्या तोंडातली टोटी चेंडूसारखी फिरणारी होती. तिचा रोख आजवर सपाट, पाण्याच्या पृष्ठभागालगत होता. मी नळी काढली, टोटी तिरकी करून तळाकडे वळवली आणि धार दिसावी म्हणून तिच्यात चिमूटभर जिलेबीचा रंग सोडला.

केशरी झोत तळावर आपटला, पसरला आणि समोरच्या भिंतीवरून वर चढला!

"बाई, चढलं की ओ!" तो ड्रिल हातात घेऊनच नाचू लागला.

"तो रंग माझ्या साडीला लागला तर बघा," पत्नी म्हणाली, पण डोळे तिचेही पाण्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी पंप तितकाच वेळ चालवला. तळाचे माप नळीच्या प्रयोगाइतकेच भरले. मेन ड्रेनने लाभ होतो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र आमच्या छोट्या हौदात तोच लाभ टोटीच्या एका वळणाने मिळाला. भोक टळले. "आता रातच्याला पाण्यावर चादर घाला, सोलापुरात काय कमी हाय व्हय?" असे म्हणत त्याने ड्रिल पिशवीत टाकले. चादर नव्हे, पण प्लास्टिकचे झाकण आम्ही घातले आणि ऊब सकाळपर्यंत टिकू लागली.

पत्नी रोज चालू लागली. पुढे मी एसटीच्या पायरीच्या उंचीचा एक दगडी ठोकळा हौदात शिडीलगत ठेवला. आधी ती शिडीचा कठडा धरून त्यावर चढे, नंतर कठडा सोडून.

आणि एके सकाळी आम्ही सोलापूरच्या स्टँडवर बार्शीच्या गाडीसमोर उभे राहिलो. तिने पायरीकडे पाहिले. वाहकाने दारातून हात पुढे केला, "या मावशी, द्या हात."

"हात राहू दे, तिकीट दे," ती म्हणाली आणि पाय उचलून वर चढली. दारात उभी राहून तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले.

"अहो, खाली काय ढवळत बसलात? या की वर!"