पंगतीचं शूटिंग

आमचं नाटक चांगलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. नव्वदच्या दशकात लखनौच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला एक नाटक व्हायचं, आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्यातले निम्मे कलाकार बदली होऊन गेलेले असायचे. कुणी बँकेतलं, कुणी फौजेतलं. त्या वर्षी मात्र आम्हा सहाजणांचं असं काही जमून आलं की विचारू नका.

नाटकाचा सगळा जीव एका पंगतीत. मुलानं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सासरे सुनेशी वर्षभर बोललेले नाहीत. जेवणं चालली आहेत, ती वाढते आहे, आणि शेवटी ते ताटावरून मान वर करून विचारतात, "तू जेवलीस का?" बस, एवढंच. सून मी होते. सासरे म्हणजे हवाई दलातले दादा, एरवी अगदी गरीब, रंगमंचावर मात्र जमदग्नी.

तालमी निशातगंजला आमच्या घरी व्हायच्या आणि तिथंही आम्ही खरोखर वरणभात वाढून जेवायचो. घास गिळल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही, कुणी भात मागितला की बाकीच्यांना थांबावं लागतं. सगळी लय त्या जेवणातून आलेली. प्रयोगात दादा वाक्य विसरले, तर नणंद पटकन म्हणाली, "वहिनी, बाबांना लोणचं वाढ." मी वाकले, नवऱ्यानं पाण्याचं भांडं सरकवलं, तेवढ्यात दादांना वाक्य सापडलं. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही.

त्या प्रयोगाला हजरतगंजमधले एक व्हिडिओ फिल्म करणारे गृहस्थ आले होते. "भाषा समझ में नहीं आई, पर सब के सब कमाल! हिंदी में फिल्म बनाएँगे." दादांच्या पोस्टिंगची कुणकुण लागलीच होती. ते गेले की नाटक संपलं. निदान कॅसेटमध्ये तरी आम्ही सगळे एकत्र राहू, म्हणून हो म्हटलं.

शूटिंगला जाऊन पाहते तर पंगत गायब! डायनिंग टेबल, त्यावर काचेचे डोंगे, जो तो आपापलं वाढून घेणार. मग मी काय करायचं? "आप फ्रिज के पास खड़ी रहिए." वाढणाऱ्या बाईला फ्रिजजवळ उभं केलं! त्यात कॅमेरा एकच, म्हणून एकेकाला वेगळं घ्यायचं. आणि वर, जेवायचं नाही.

"खाइए मत, सिर्फ चम्मच हिलाइए. प्लेट खाली हो गई तो अगला शॉट मैच नहीं होगा."

त्यांचंही खरं होतं म्हणा, पण माझं डोकं फिरलं. "भाईसाहब, हमारा नाटक खाने से ही चलता है!"

"मैडम, आप बस अपनी लाइन बोलिए."

मला वाक्यं होतीच मुळी चार!

दादा हळूच म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, अडला हरी..." त्यांचं काम आधी उरकलं. तो प्रश्न त्यांनी भिंतीकडे बघत विचारला, आणि त्याच आठवड्यात ते नव्या पोस्टिंगवर गेले.

माझा शॉट राहिला होता. समोर दादांच्या खुर्चीत असिस्टंट, हातात कागद. "बहू, तुमने खाना खाया?" स्टेशनवर गाडी पुकारावी तसं त्यानं वाचलं. नाटकात दादांचा घास हातातच थांबलेला दिसायचा आणि माझे डोळे आपोआप भरायचे. आता नुसता संताप येत होता. मी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो खुर्चीत मागे सरकला.

"कट! वाह मैडम, वाह!"

तोच शॉट ठेवला. मंडळात कॅसेट लावली तेव्हा बायकांनी डोळे पुसले. म्हणे, वर्षभराचं दुःख एका नजरेत आणलंत! "अहो, तो राग आहे, शूटिंगचा," मी सांगत सुटले. त्यांना तो माझा विनय वाटला. मी हात टेकले.

मग कॅसेट दादांकडे पोचली आणि त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, एक विचारू? मी 'जेवलीस का' विचारतो, तेव्हा तुम्ही माझ्यावर एवढ्या चिडलेल्या का हो?"

"तुम्ही समोर नव्हता ना, दादा," एवढंच मला बोलता आलं, आणि मग मी फोनवरच रडले.