टेबलावर न मावणारा सूर्य

वानखडे बाई कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नसत. मी पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, तरी विचारत, "काहून भाऊ, काय काम हाय?" अकोल्यात आमच्या समोरच्याच घरात राहत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. गेल्या उन्हाळ्यात वारल्या.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय पुस्तकातल्या सूर्यमालेच्या चित्रावर. "सारे ग्रह मण्यासारखे चिकटून! लबाड चित्र हाय." रविवारी सकाळी त्या कॉलनीतली मुलं आणि त्यांचे आईबाप घेऊन निघत. मारुतीच्या ओट्यावर सूर्य म्हणून मोठं कोहळं. त्रेचाळीस मीटरवर पृथ्वी, म्हणजे ज्वारीचा दाणा. नेपच्यून म्हणजे लहानसं बोर, ते सव्वा किलोमीटरच्याही पुढे, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी. मी घरी गुणाकार करून पाहिला. बरोबर आला. तरी शंका राहिलीच: फुकटात एवढं कोण करतं?

पुढे माझी मुलगी सई अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनाला निघाली. तिथे निवड झाली तर राज्य पातळी. बाकीची मुलं थर्माकोलचे ग्रह मांडणार. सई कोहळं मांडून परीक्षकांना चालायला लावणार. बाई पुस्तकातल्या चित्रावरचा जुना राग माझ्या पोरीकरवी काढताहेत, असं मला वाटलं. मी गुपचूप थर्माकोलचं तयार मॉडेल आणलं.

निघताना बाई फाटकात उभ्या. "पिशवीत काय हाय, भाऊ?"

"डबा."

"डब्याले शनीची कडी असते काय? बाहेर दिसून राह्यली."

बसमध्ये सई कोहळं मांडीवर घेऊन दुसऱ्या सीटवर बसली. प्रदर्शनात मी पिशवी पुढे केली.

"मांड. अजून वेळ आहे."

"आणि ग्रह एवढे जवळ कसे, असं कोणी विचारलं तर?"

"कोणी विचारत नाही."

"मी विचारते ना, बाबा."

तिने कोहळंच मांडलं. दोन परीक्षक खुर्चीवरून हलले नाहीत. एक मॅडम तिच्याबरोबर निघाल्या, मैदान ओलांडून रस्त्याला लागल्या आणि शनीपाशी थांबून परत फिरल्या. सई बोर मुठीत धरून पुढे चालत राहिली. मी तिच्या मागे. निवड शेजारच्या टेबलावरच्या थर्माकोलची झाली.

संध्याकाळी अकोल्यात पोचलो तर बाई वाट बघत होत्या. निकाल ऐकून म्हणाल्या, "कोनी चाललं काय पन?"

"एक मॅडम. शनीपर्यंत. ऊन सहन होत नाही म्हणाल्या," सई म्हणाली.

"शनीवर ऊन लागलं?" बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "तिथं तं थंडीनं दात वाजाले पायजे, माय!"

सईसुद्धा हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

"अन् तू कुठवर गेली?"

"नेपच्यूनपर्यंत."

मी साक्ष द्यायला पुढे झालो. "खरंच गेली, बाई, मी स्वतः..."

"तुमाले कोनं विचारलं, भाऊ?" बाई म्हणाल्या. "तिनं सांगतलं ना."