तुळशीदासच्या होडीतलं मोटारीचं इंजिन

तुळशीदास तांडेल स्वस्थ बसलाय, असं खारदांड्यात कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा तो एक गुडघा उभा करून, आत्ता उठतो की मग उठतो असा बसायचा. लग्नाला गेला तर अक्षता पडायच्या आधीच त्याची नजर चपलांकडे. त्याची बायको अंजनाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. घरी नवरा असला की आपल्यालाच दम लागतो, असं ती शेजारणींना सांगायची.

समुद्रावर ही घाई त्याला जास्तच छळायची. जी होडी आधी किनाऱ्याला लागेल तिच्या मासळीला जास्त भाव. त्याच्या होडीत एका सिलिंडरचं जुनं इंजिन होतं, भक्कम पण संथ. माघारी येताना इतर होड्या पुढे निघून जायच्या आणि तुळशीदास सुकाणू धरून नुसता पाय आपटत उभा राहायचा.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना, हातांना काम नाही म्हणून तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरायला गेला. तिथे त्याला एक इंजिन दिसलं. आखातातून कुणीतरी आणलेली छोटी मोटार अपघातात चेपली होती, तिचं. डिझेलवर चालणारं, तीन सिलिंडर, जेमतेम एक लिटर, दोघांनी सहज उचलावं एवढं. पण बाजूला इंजिनात जास्त हवा कोंबणारा, गोगलगायीच्या आकाराचा टर्बो होता आणि दुकानदार म्हणाला, पन्नास घोड्यांची ताकद आहे. तुळशीदासनं ते त्याच दिवशी टेम्पोत घातलं.

घाटकोपरला श्यामकांत नावाचा मेकॅनिक होता. त्यानं ते सगळं उघडलं, धुतलं, होडीला जोडायला गिअरबॉक्स शोधला, खाऱ्या पाण्यावर थंड होईल अशी नळ्यांची सोय केली. काम चांगलं झालं, पण तो खूश नव्हता. पन्नास घोडे खरे, पण ते मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे मिळतात, असं त्यानं समजावून सांगितलं. मग तो म्हणाला, "हे मोटारीसाठी बनवलंय, तुळशीदास. मोटार उताराला लागते, सिग्नलला थांबते, तेवढ्यात इंजिन दम खातं. समुद्रात उतार नाही. पूर्ण रेस कधी देऊ नकोस. आणि परत आल्यावर एकदम बंद करू नकोस, थोडा वेळ हळू चालू दे."

हळू का, तेही त्यानं सांगितलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोतलं चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरतं आणि ते नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतं. इंजिन अचानक थांबलं की ऑइल थांबतं, चक्र फिरतच राहतं, आणि आत उरलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. तुळशीदासनं मान हलवली. त्याचं लक्ष टेम्पोवाल्याकडे होतं.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली आणि सारा खारदांडा बघत राहिला. रेस दिली की एक बारीक शीळ उठायची आणि होडी पुढे झेपावायची. तुळशीदासची मासळी सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागू लागली. होडी टेकायच्या आत तो खटका ओढून इंजिन बंद करायचा आणि पाटी घेऊन पाण्यात उडी टाकायचा. होडीवर त्याचा मेहुणा शिवदास असायचा, अंजनाबाईचा धाकटा भाऊ. मुळात शांत माणूस. थोडं चालू राहू दे, असं त्यानं दोन-तीनदा सुचवलं. तुळशीदासचं उत्तर ठरलेलं होतं, की मासळी वाट बघत नाही.

होळीच्या सुमाराला शीळ बदलली, घासल्यासारखी येऊ लागली. धूर निळसर दिसायला लागला आणि ऑइल सारखं घालावं लागायचं. श्यामकांतला दाखवायचं तर होडी दोन दिवस उभी राहणार, म्हणून तुळशीदास दाखवत नव्हता.

मग एका दुपारी, किनारा नुसती रेघ दिसत असताना, इंजिनाचा आवाज आपोआप चढू लागला. तुळशीदासनं रेस कमी केली तरी चढतच राहिला. त्यानं खटका ओढला, काही झालं नाही. डिझेलचा कॉक बंद केला, तरी इंजिन थांबेना. टर्बोतलं ऑइल अडवणारी सील गेली होती आणि इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळत होतं. निळ्या धुरात काही दिसेना, फळ्या थरथरू लागल्या, किंकाळीसारखा आवाज कानात बसला. तुळशीदास पुन्हा पुन्हा तोच खटका ओढत राहिला.

शिवदासनं मासळी कापायचा लाकडी पाट उचलला आणि हवा आत खेचणाऱ्या नळीच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. हवा तुटली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. त्या झटापटीत शिवदासचा डावा हात टर्बोच्या लालभडक अंगाला टेकला होता, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली.

नांगर टाकून ते दोघं बसले. तुळशीदासला चालायला जागा नव्हती, करायला काही नव्हतं. शिवदास हातावर गोड्या पाण्याचं फडकं धरून होता. काहीतरी बोलावं असं तुळशीदासला सारखं वाटत होतं, पण तो नुसता किनाऱ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी दुसऱ्या होडीनं त्यांना ओढून आणलं.

हात बरा झाल्यावर शिवदास होडीवर आला नाही. अंधेरीत एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागला. तुळशीदासनं निरोप पाठवले, अंजनाबाई जाऊन आली. शिवदास भांडला नाही, फक्त नाही म्हणाला.

शेवटी एका दुपारी तुळशीदास स्वतः त्याच्या घरी गेला. शिवदास कामावर होता. त्याची बायको शकु म्हणाली, संध्याकाळी या. तुळशीदास पायरीवर बसला. तिनं चहा दिला, तो प्याला. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं, नळाला पाणी आलं, बायकांच्या रांगा लागल्या आणि मोडल्या. शकुनं दोनदा बाहेर डोकावून पाहिलं. तुळशीदासचे गुडघे हलत होते, पण माणूस जागेवर होता.

शिवदास आला आणि पायरीखाली उभा राहिला.

"तुझा हात माझ्या घाईनं भाजला, शिवा," तुळशीदास म्हणाला. "ते तिथेच बोलायला पाहिजे होतं."

शिवदासनं हातातला डबा पायरीवर ठेवला. मग त्यानं विचारलं, "कधीपासून बसलाय, भावोजी?"

"दुपारपास्नं."

शिवदास त्याच्या शेजारी टेकला. "तो टर्बो काढा. तो हाय तोवर मी पाय ठेवनार नाय."

तुळशीदासनं तो काढला. श्यामकांतनं बेअरिंगं बदलली, टर्बोची जागा पत्रा लावून बंद केली, डिझेलचा पुरवठा कमी केला आणि सांगितलं की आता घोडे निम्म्याच्या थोडे वर राहतील, पण राहतील. ते इंजिन पुढे बरीच वर्षं चाललं. होडी आता चौथी-पाचवी यायची. मासळीला भाव कमी मिळतो म्हणून अंजनाबाई कुरकुरायची, गिऱ्हाइकांशी जास्त घासाघीस करायची. तुळशीदास काही शांत झाला नाही. माघारी येताना सुकाणू शिवदासच्या हाती देऊन तो होडीच्या पुढच्या टोकाला जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा.