शेवटच्याला काय विचारायचं!

दिल्लीत, मुनिरक्यातल्या त्या दवाखान्यात टोकनची पद्धत नव्हती. तिथे मफलरवाले काका होते. त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. दर पाच मिनिटांनी उठायचे आणि बाकावरच्या एकेकावर बोट रोखून विचारायचे, "आपके पीछे कौन?" उत्तर मिळालं की बोट पुढच्यावर.

माझं डोकं उठलं होतं. मांडीवर लॅपटॉप, बाराच्या आत बॉसला प्रोग्राम द्यायचा. काम अगदी पोरकट होतं. बसथांब्यांच्या यादीतल्या शेजारच्या थांब्यांच्या जोड्या लावायच्या: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा. सगळ्या जोड्या नीट लागायच्या आणि अगदी शेवटी येऊन प्रोग्राम आपटायचा. सकाळपासून हेच चाललं होतं.

त्यात काकांच्या तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे हात केला आणि तिन्ही वेळा काका मला न विचारताच मागे फिरले.

"मुझसे क्यों नहीं पूछते?" मी चिडूनच म्हणालो.

"आपसे क्या पूछूँ? आप तो आख़िरी हैं!"

माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. माझा प्रोग्राम शेवटच्या थांब्यालाही विचारत होता, तुझ्यानंतर कोण? त्याला एक थांबा आधीच थांबवला, तर मुकाट चालला. एवढीशी गोष्ट मला या माणसाकडून कळावी, याचाच जास्त राग आला. तरी आभार मानावेत म्हणून मान वर केली, तेवढ्यात एक आजी येऊन माझ्या शेजारी टेकल्या.

काकांचं बोट लगेच माझ्यावर.

"हाँ जी, अब बताइए. आपके पीछे कौन?"