करडीचं तेल आणि माझा डावा पाय

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, एवढाच माझा गुन्हा. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्या मुखेडकडे मानतात. त्यामुळे कळायला लागल्यापासून मी लोकांच्या पाठी तुडवत आले. घामट पाठी, केसाळ पाठी, बामाने चिकट झालेल्या पाठी. शिसारी यायची. लग्न होऊन लातूरला आले, तर सासूबाईंनी आठवडाभरात ही बातमी गल्लीभर केली.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे काका आले. पोतं उचलताना त्यांची पाठ धरली होती. बनियन काढून आमच्या ओसरीत पालथे पडले. पाठ करडीच्या तेलाने नुसती थबथबलेली. डावा पाय तीनदा लावायचा असतो. दुसऱ्या खेपेलाच तो सटकला, घोटा आत वळला आणि मी किंचाळत खाली बसले. काका उठले, कंबर हलवून पाहिली आणि म्हणाले, "उतरली की! लई गुण हाय पोरीच्या पायात."

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

सासूबाईंनी घोटा खसाखसा चोळून वर चुना-गुळाचा लेप थापला. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. सूज दुप्पट. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, हाडांना बांधून ठेवणारा पट्टा ताणला होता. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "नेमकं कुठं दुखतंय?" मला रडूच फुटलं. या पायाला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"चोळायचं नाही. कापडात गुंडाळून बर्फ, पट्टी, पाय उशीवर. मग हळूहळू व्यायाम. भरून यायच्या आत पुन्हा मुरगळला, तर जन्मभर मुरगळत राहील."

पाच आठवड्यांनी भिंतीला धरून मी पहिल्यांदा त्या एका पायावर उभी राहिले. तेवढ्यात दारात काका, कमरेत वाकलेले.

"या बारीला तेल लावलं न्हाई बघ," ते म्हणाले. सासूबाईंनी चटई अंथरलीसुद्धा.

"मी पाय लावणार नाही," मी म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मुरगळला तवाच पायातला गुण गेला वाटतं हिच्या."

"हाव," मी म्हणाले, "गेला."

इतकं सुखाचं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.